सायकलीला पाण्याची वाट कळते

आपल्याकडे सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, अशी एक समजूत आहे. म्हणून घरात चार पैसे आले की पहिली रवानगी तिची होते. आधी ती ओसरीवरून गोठ्यात जाते, मग गोठ्याच्या आढ्याला टांगली जाते आणि एक दिवस भंगारवाल्याच्या गाड्यावर चढते. आमच्या लोणार तालुक्यातले कुठलेही खेडे पाहा, दारोदारी मोटारसायकल उभी आहे. त्यात गैर काही नाही. रात्री-बेरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तर तीच हवी. जग मात्र उलटा विचार करू लागले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. योग असा की २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ज्या नावाची सायकल हुंड्यात मागितली जायची, त्या नावाची ही गत झाली.

मी मात्र सायकल सोडलेली नाही. त्याचे कारण पेट्रोलचा भाव नाही, की वैद्याचा सल्लाही नाही. माझी शेती कोरडवाहू आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला बाकी काही कळो न कळो, पडलेला पाऊस कोणत्या वाटेने निघून जातो एवढे कळलेच पाहिजे. ही गोष्ट मला सायकलीने जशी शिकवली तशी दुसऱ्या कशानेही शिकवली नाही.

कशी, ते सांगतो. मोटारसायकलीवर चढ आला की मनगट जरासे पिळायचे, झाले. चढ होता हेही लक्षात राहत नाही. पायी चालणाऱ्याला चढ कळतो, पण पायी माणूस दिवसात जाऊन जाऊन किती जाणार? सायकल या दोहोंच्या मधली. आमच्या भागातली जमीन डोळ्याला ताटासारखी सपाट दिसते; पण सायकलीवर बसा, की तिचा सपाटपणा किती खोटा आहे ते मांड्यांना कळते. किलोमीटर-दोन किलोमीटर पॅडल जड जाते, छातीचा भाता होतो आणि डोळे म्हणत असतात, रस्ता तर सरळ आहे. मग एका जागी पाय एकाएकी हलके होतात. पॅडल थांबवले तरी सायकल पुढे जाते आणि मागच्या चाकातले फ्रीव्हील टकटक वाजू लागते. ती टकटक ऐकू आली की ओळखावे, माथा ओलांडला. इथून मागचे पाणी एका नाल्याचे, इथून पुढचे दुसऱ्या नाल्याचे. शाळेच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. आमची जुनी माणसे 'पाणढाळ बदलला' म्हणत. गाडीवानांना हे माहीत असायचे. बैल कुठे मान खाली घालतात आणि कुठे गाडी त्यांच्या अंगावर येते, हे त्यांना पाठ होते. बैलगाडी गेली, तशी ती विद्याही गेली.

बुलढाणा जिल्ह्याइतका हा धडा शिकायला चांगला मुलूख विरळा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत: घाटाखाल आणि घाटावर. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे गेलात की तुम्ही घाटाखाली आलात. गंमत अशी की जिल्ह्यात पूर्णा नावाच्या नद्याही दोन आहेत. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. घाटावरची पूर्णा, जिला वरच्या अंगाला खडकपूर्णा म्हणतात, ती परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पार बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यात, एकाच नावाच्या दोन नद्या, आणि तोंडे दोन समुद्रांकडे! डोंगराच्या धारेवर एक वीत इकडे की तिकडे, एवढ्यावर थेंबाचे नशीब ठरते.

आम्ही लोणारकर घाटावरचे. आमच्या एका अंगाला पैनगंगा, दुसऱ्या अंगाला पूर्णा. आणि मधे लोणारचे तळे, ज्याचे पाणी कुठल्याच नदीला जात नाही. म्हणजे आमच्या शिवारांत पडणाऱ्या पावसाला वाटा तीन. या तिन्ही वाटा मी सायकलीवर पाहिल्या आहेत.

पहिली वाट मेहकरची. आश्विन लागला, पावसाने उघडीप दिली आणि सोयाबीनची सोंगणी आटोपली की मी एखादा दिवस काढतो. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमारास निघतो. कॅरिअरला भाकरी, ठेचा आणि दोन कांदे यांचे फडके, हँडलला पाण्याची बाटली, सीटखालच्या पिशवीत पाना, पंप आणि पंक्चरचे सामान. घरची मंडळी पहिल्या पहिल्याने हसत. "मोटारसायकल दारात असताना हे काय खूळ?" आता कोणी हसत नाही. भाकरी बांधून देतात आणि एवढेच बजावतात, "मोठ्या रस्त्यानं जाऊ नका."

सुलतानपूरपर्यंत बाराएक किलोमीटर. त्या वेळी रस्त्याला आपण आणि टिटव्या, तिसरे कोणी नसते. तुरीला फुलोरा यायचा असतो, तिच्या ओळी धुक्यात उभ्या. ज्यांनी सोयाबीन काढून रान नांगरले त्यांच्या शेतातून ओल्या मातीचा वास येतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सगळे ऐकू येते. कुठे मोटार चालू आहे, कुठे पाटाचे पाणी फुटून वाहते आहे, कुठे म्हातारा रानडुकरांना हाकलायला डबा बडवतो आहे. शेताच्या धुऱ्यावरून कोणी हटकतो, "भाऊ, इतक्या सकाळी कुठं?" मी म्हणतो, "पैनगंगेला." तो म्हणतो, "काम काय काढलं?" काम काही नाही म्हटले की तो चक्रावतो. शेतकऱ्याने बिनकामाचे कुठे जावे, हे आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही.

सुलतानपूरला मोठा रस्ता लागतो. तिथे चहा घ्यावा आणि पुढे शक्य तिथे आतल्या खेड्यांच्या वाटेने मेहकर गाठावे. वाट लांबते, पण जीव सुखात राहतो. नदी जवळ आली हे पाटीआधी पिकांवरून कळते. माथ्यावरची मुरमाड, भरड जमीन मागे पडते, माती काळी आणि खोल होत जाते, विहिरी दाट होतात, उसाचे आणि हळदीचे फड दिसू लागतात. सायकलीचे फ्रीव्हील वाजत असते आणि आपण उतरत असतो. पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, वाटेत पेनटाकळीच्या धरणात थांबते, मेहकरला येते आणि पुढे वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड यांच्या शिवा ओलांडत चंद्रपूरच्या बाजूला वर्धा नदीला मिळते. मेहकरला शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. दर्शन घ्यावे, नदीकाठी भाकर सोडावी आणि उन्हाच्या आत माघारी फिरावे. परतताना तोच रस्ता चढाचा होतो. सकाळी ज्या उतारावर आपण फुकट आलो, त्याचे मोल दुपारी घामाने चुकवावे लागते. पण या घामातच शिकवण आहे. पाणी ज्या वाटेने सुखाने उतरले, त्याच वाटेने आपल्या शेताची माती उतरली आहे, आणि मातीला परत चढून येता येत नाही.

दुसरी वाट मंठ्याची. या वाटेवर विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. पाटी वाचली नाही तर कळतही नाही. तीच काळी माती, तेच कापूस-सोयाबीन, बायांच्या बोलण्यात तेवढा फरक. पण इतिहासात ही शीव मोठी होती. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. पलीकडचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. सोयरीक मात्र दोन्ही अंगांनी चालू होती. रोटी-बेटीला राज्याची शीव कधी आडवी आली नाही. सायकलीलाही ती शीव कळत नाही. तिला कळते ती पाण्याची शीव. या वाटेने उतरत गेलात की पूर्णेचे पात्र लागते. वर खडकपूर्णेचे धरण, खाली येलदरी आणि सिद्धेश्वर, अशी ही नदी बांधत बांधत पुढे नेली आहे. पुलावर सायकल उभी करून खाली पाहावे. कार्तिकात पाणी नितळ असते, बगळे उभे असतात. उन्हाळ्यात त्याच जागी वाळूचे खड्डे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसतात. नदी वर्षातून दोनदा पाहिली पाहिजे, एकदा भरलेली आणि एकदा उघडी. उघडी पाहिली की आपण तिचे काय केले ते समजते.

या वाटेला पावसाळ्यात जाऊ नये. वारा नैर्ऋत्येकडून तोंडावर येतो आणि उतारालासुद्धा पॅडल मारायला लावतो. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस बरे.

तिसरी वाट सर्वांत आखूड, पण मला तिनेच जास्त विचार करायला लावले. ती म्हणजे लोणारच्या तळ्याचा काठ. तळ्याची माहिती बहुतेकांना आहे. बेसाल्टच्या खडकावर आकाशातून अशनी आदळून हे विवर झाले. पूर्वी त्याचे वय बावन्न हजार वर्षे सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते सुमारे पावणेसहा लाख वर्षे निघाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे घेर साडेपाच किलोमीटरच्या पुढे. पुराणकथा सांगते की लवणासुराला विष्णूने इथे मारले. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याचीच आठवण. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली या जागेची नोंद केली, आणि २०२० साली तळ्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

पण सायकलीवर जो काठाकडे जातो त्याला एक गोष्ट कळते, जी मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला कळत नाही. काठाजवळ जाताना चढ लागतो. आघाताने जो खडक उखडला तो भोवती फेकला गेला आणि त्याचीच एक कड उभी राहिली. ही कड भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. म्हणजे तळ्याभोवती निसर्गाने घातलेला हा गोल बांधच. बांधाच्या बाहेर पडलेला थेंब ओढ्या-नाल्यांनी नदीकडे जातो. आत पडलेला थेंब तळ्यात जातो, आणि तिथून त्याला बाहेरची वाट नाही. धारेचे गोड पाणी बारमाही आत पडते, तेही तिथेच राहते. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. हजारो वर्षे असेच चालले म्हणून पाण्याचा सामू दहाच्या आसपास गेला. मातीचे नमुने तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. साडेआठच्या वर गेला की आपण जमिनीला चोपण म्हणतो. जुन्या काळी या तळ्यातून खार काढण्याचा मोठा धंदा चाले. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासणी केली. अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव त्याला कारण होते. आता गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी वाढत जाऊन पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आले आहे. आत जाणाऱ्या पाण्याचा हिशेब बदलला की तळेही बदलते.

काठावर सायकल लावून मी बसतो तेव्हा मला सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड राने आठवतात. तिथे नदीचे पाणी भरपूर मिळाले, उसाला मन मानेल तसे दिले, निचऱ्याची वाट ठेवली नाही, आणि सोन्यासारखी जमीन पांढरी पडली. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागला, तेव्हा कुठे ती राने पुन्हा पिकू लागली. पाणी अडवा हे खरेच, पण जास्तीच्या पाण्याला वाट ठेवा हेही तेवढेच खरे. पैनगंगेची वाट सांगते की पाणी धावले तर माती नेते. लोणारचे तळे सांगते की पाणी कोंडले तर मीठ ठेवते. शेतकऱ्याचे सारे कसब या दोहोंच्या मधे आहे.

हे शहाणपण शेतात कसे उपयोगी पडले, त्याचा एक प्रसंग सांगतो. आमच्या गावात दोन शेतकऱ्यांचे पाण्यावरून भांडण होते. एकाचे शेत वर, एकाचे खाली, मधे धुरा. खालच्याचे म्हणणे, वरचा मुद्दाम धुरा फोडून पाणी माझ्या अंगावर सोडतो आणि माझे सोयाबीन बसते. वरचा शपथ घेऊन सांगे, मी फावडेही लावले नाही. तीन पावसाळे हेच चालले. बोलणे बंद झाले, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या, अर्ज तहसिलापर्यंत गेले. दोघांची मुले एका वर्गात, तीही एका बाकावर बसेनाशी झाली.

श्रावणात मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर मी दोघांकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, भांडण उद्या करा. आज माझ्यासंगं सायकलीवर या." गावात शोधून दोन सायकली मिळवल्या, एक शाळकरी पोरीची. एवढे दोन जाणते पुरुष सायकलीवर निघाले म्हणून पारावरची माणसे उठून उभी राहिली. आम्ही पांदणीच्या वाटेने शेताकडे न जाता शेतावरून पुढे माथ्याकडे गेलो. चिखल होता, मधेमधे उतरून ढकलावे लागले. वरच्या शेताच्या पुढे दीडेक फर्लांग पॅडल जड होते, आणि मग एका बाभळीपाशी फ्रीव्हील वाजले. दोघांच्याही सायकलीचे वाजले. मी थांबवले आणि विचारले, "पाय कुठं हलके झाले?" दोघांनी एकच जागा दाखवली. म्हणजे माथा तिथे होता, आणि तिथपासून खाली असलेल्या साऱ्या रानाचे पाणी या पांदणीत उतरत होते. चार-पाच वर्षांमागे कोणीतरी भरावासाठी पांदणीतला मुरूम उचलला होता. पांदण खोल गेली, तिचा नाला झाला. ते पाणी वरच्याच्या शेतात येतच नव्हते. ते पांदणीतून धावत येऊन वरच्याच्या कोपऱ्याशी वळण घेई आणि खालच्याचा धुरा धडकेने फोडी. धुरा फुटलेला दिसे वरच्याच्या बाजूने, म्हणून संशय त्याच्यावर.

खालचा बराच वेळ पांदणीकडे पाहत उभा राहिला. वरचा काही बोलला नाही, त्याने तंबाखूची पुडी काढून पुढे केली. ती याने घेतली. तीन वर्षांनी घेतली.

उपाय खर्चाचा नव्हता. पांदणीत तीन ठिकाणी मुरूम-दगडाचे आडवे उंचवटे घातले, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने दोन्ही बाजूंच्या रानात शिरावे. कोपऱ्यावर दगडी सांडवा केला आणि धुऱ्यावर गवत लावले. माथ्यावरच्या पडीक तुकड्यात समतल चर खोदले. पुढच्या पावसाळ्यात धुरा टिकला. वरच्याच्या विहिरीला पौषापर्यंत पाणी राहिले, हा वर लाभ.

जाणकार सांगतात की पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करत आणावे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी तसेच केले. पण माथा कुठे आहे हेच गावाला माहीत नसेल तर काम सुरू कुठून करायचे? आपण बहुतेक वेळा पायथ्याशी, जिथे पाणी दिसते तिथे, बंधारा मागतो. आमच्या जिल्ह्याने एक चांगली गोष्ट केली: महामार्गाला लागणारी माती-मुरूम तलाव-नाल्यांतून काढून तेच खोल करायचे, याला 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून नाव मिळाले. ते हवेच. पण माथा मोकळा सोडला तर तो खोल केलेला तलाव पुन्हा गाळाने भरणार, आणि तो गाळ म्हणजे आपलीच माती. २०२५ च्या पावसाळ्यात मेहकर-लोणार भागात अतिवृष्टी झाली आणि कित्येकांची राने खरडून गेली. मी त्यानंतर सायकलीने फिरलो. जिथे उताराला आडवी पेरणी होती, रुंद वरंबा आणि सरी होती, तिथेही नुकसान झाले, पण माती जागेवर होती. जिथे तास उताराच्या दिशेने होते तिथे प्रत्येक तासाचा ओघळ झाला होता आणि खाली मुरूम उघडा पडला होता. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोपे पडतात म्हणून तो उताराच्या दिशेने पेरतो. शेत आपले आहे, दिशा आपण सांगावी.

अलीकडे पुण्या-मुंबईची मंडळी हौसेने सायकलीवर कोकणात जातात. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने, खाडी आली की दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे अशा ठिकाणी सायकल फेरीबोटीत घालून पलीकडे. फार सुंदर वाट आहे, यात शंका नाही. पण आपल्याला समुद्र नाही म्हणून हळहळायला नको. नदीचे खोरे हेही पाहण्यासारखे असते, आणि ते आपल्या दारात आहे. फरक एवढाच की ती मंडळी पाहायला जातात आणि आपल्याला त्यावर जगायचे आहे.

एक काळजी मात्र आहे. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने गेला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर सायकलीला, दुचाकीला, बैलगाडीला मज्जाव. ते ठीकच आहे, तो रस्ता वेगासाठी आहे. पण बाकीचे रस्तेही रुंद होत चालले आणि रुंद रस्त्यावर कडेची जागा मात्र उरली नाही. याचा फटका कोणाला? माझ्यासारख्या हौशी माणसाला नाही, मी आडवाटेने जाईन. फटका शाळेत जाणाऱ्या पोरींना. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली दिल्या जातात. बिहारनेही २००६ पासून अशी योजना राबवली आणि शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या वाढली. एसटी चुकली म्हणून शाळा चुकत नाही, हे एक मोठे स्वातंत्र्य आहे. पण आई-बाप विचार करतात, पोरीला या ट्रकांच्या रस्त्यावर कसे सोडावे? मग सायकल ओसरीवर राहते आणि पोरगी घरी. म्हणून ग्रामसभेत जेव्हा पांदण रस्त्याचा विषय निघेल तेव्हा तो फक्त ट्रॅक्टरसाठी मागू नये. गावाला शाळेशी जोडणारी एक आडवाट पोरींच्या सायकलींसाठी नीट ठेवावी: खड्डे बुजवलेली, काटे तोडलेली, पाण्याला बाजूने वाट दिलेली.

सायकल बाहेर काढणार असाल तर दोन शब्द. गोठ्यात पडलेल्या सायकलीचे टायर वाळलेले असतात, ते आधी बदला. ब्रेकचे गुटके पाहा. चेनला तेल द्या, पण पुसून. नाहीतर धूळ बसून चेन घासते. मागच्या मडगार्डला लाल चकाकणारी पट्टी लावा आणि अंधारात दिवा असल्याशिवाय निघू नका. सीट इतकी उंच ठेवा की पॅडल खाली गेले असता गुडघा थोडासाच वाकलेला राहील. गुडघेदुखी बहुधा बुटक्या सीटमुळे होते. चैत्र-वैशाखात दहाच्या आत घरी या.

आणि पहिली फेरी लांबची नको, आपल्याच शिवाराची करा. मोठा पाऊस होऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. संगे मुलाला किंवा मुलीला घ्या, त्यांचे पाय कोवळे असतात आणि त्यांना चढ लवकर कळतो. नाला जिथे गाव सोडतो तिथून निघा आणि पाण्याच्या उलट दिशेने वर वर जा, फ्रीव्हील वाजेपर्यंत. वाजले की उतरा आणि तिथे एक दगड उभा करून ठेवा. पुढच्या वर्षी गावात चराचे काम निघाले, की त्या दगडापासून सुरू करायला सांगा.